दुसरी आली म्हणून काय बिघडलं?

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी बागेतल्या कामावरून येऊन नुकत्याच टेकल्या असाल. हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे ठेवा.

मी तीस वर्षं शाळेत खेळाची बाई होते. शिट्टी, चुन्याच्या रेघा आणि उन्हानं रापलेला चेहरा, हीच माझी ओळख. मागच्या महिन्यात माझ्या नणंदेची नात तालुक्याच्या शर्यतीत दुसरी आली. नववीत आहे पोर. प्रमाणपत्र घेऊन धावत घरी आली, तर वन्सं म्हणाल्या, "दुसरी ना? म्हणजे राहिलंच की. आता दहावीकडे बघ. पळून कुणाचं पोट भरलंय?" पोरीनं प्रमाणपत्र गादीखाली सरकवलं आणि पाणी भरायला गेली.

वन्सं काही वाईट नाहीत. आपण सगळ्याच असं बोलतो. मीही बोललेय. पण त्या रात्री मला झोप लागेना. म्हणून आज तुम्हाला आपल्याच जिल्ह्यातल्या, दुसऱ्या आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगणार आहे. तिचं नाव तुम्हाला माहीत आहे, कविता राऊत. 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून सारा महाराष्ट्र तिला ओळखतो. पण तिच्या नावामागचा हिशोब आपण कधी नीट मांडलेला नाही. तो आज मांडू.

सावरपाडा आपल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातला, हरसूलच्या बाजूचा आदिवासी पाडा. तो भाग पाहिलेल्या बायकांना मी वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि उन्हाळा आला की हंडे घेऊन डोंगर उतरायचा. चढ-उताराच्या वाटा, पायात काही असलं तर असलं. १९८५ साली कविता तिथं जन्मली. तिच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं, की तिनं धावणं निवडलं कारण त्याला काही लागत नव्हतं. बॅट नको, जाळी नको, बूटही नकोत. अनवाणी पळता येतं.

ऐकायला हे छान वाटतं. पण खेळाची बाई म्हणून सांगते, हे अर्धंच खरं आहे. पळायला सुरुवात करायला काही लागत नाही. पळत राहायला मात्र बरंच लागतं. पोटभर आणि नीट जेवण लागतं, झोप लागते, पुढं बूटही लागतात. आणि सगळ्यात जास्त काय लागतं, तर एक दुसरं माणूस. घड्याळ धरून उभं राहणारं, "आज पुरे" म्हणणारं, "आज अजून दोन फेऱ्या" म्हणणारं. कविताला नाशिकमध्ये असं माणूस मिळालं, प्रशिक्षक विजेंदर सिंग. पाड्यावरची मुलगी शहरात आली आणि भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पहाटेच्या फेऱ्या सुरू झाल्या. आपल्यापैकी कितीतरी जणी गंगापूर रोडनं जाताना त्या बाजूनं गेल्या असतील. आत काय घडत होतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

आता तिची शर्यत समजून घेऊ. तिची मुख्य शर्यत दहा हजार मीटरची. म्हणजे दहा किलोमीटर. सीबीएसवरून नाशिकरोड स्टेशनला जायचं तर साधारण तेवढंच अंतर पडतं. ते मैदानातल्या चारशे मीटरच्या गोलावर पळायचं, म्हणजे पंचवीस फेऱ्या. कविताची सर्वांत चांगली वेळ आहे ३१ मिनिटं ५१ सेकंदं आणि वर थोडी. भागाकार करा. एका फेरीला सुमारे ७६ सेकंदं पडतात. पंचवीसच्या पंचवीस फेऱ्या याच गतीनं. संध्याकाळच्या गर्दीत आपली बससुद्धा कधी कधी त्या वेळात नाशिकरोडला पोचत नाही!

या शर्यतीत सुरुवातीला जोरात सुटणारी सहसा फसते. पहिल्या दहा फेऱ्या राखून पळायच्या, मधल्या फेऱ्यांत मन मारून गती धरायची, आणि शेवटच्या फेरीसाठी अंगात काहीतरी शिल्लक ठेवायचं. महिनाअखेरपर्यंत घरखर्च पुरवणाऱ्या बाईला हे गणित कुणी शिकवायची गरज नाही.

२०१० साल उजाडलं. त्या वर्षी दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. ८ ऑक्टोबरला महिलांची दहा हजार मीटरची शर्यत होती. पहिल्या दोन केनियाच्या मुली आल्या. तिसरी आली कविता राऊत. वेळ ३३ मिनिटं ५ सेकंदं. कांस्यपदक. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्याआधी असं पदक मिल्खा सिंग यांनी आणलं होतं, १९५८ साली कार्डिफला. मध्ये ५२ वर्षं गेली होती. ती रिकामी जागा सावरपाड्याच्या मुलीनं भरली, आणि तीही तिसरी येऊन. वन्संच्या हिशोबानं तेसुद्धा 'राहिलंच'.

दिल्लीनंतर बरोबर ४४ दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, चीनमधल्या ग्वांगझू शहरात आशियाई स्पर्धेतली दहा हजार मीटरची शर्यत झाली. आपल्या दोघी धावत होत्या. एक कविता, दुसरी केरळची प्रीजा श्रीधरन. प्रीजा इडुक्की जिल्ह्यातली, तोही डोंगराळच मुलूख. सह्याद्रीच्या दोन टोकांच्या दोन मुली म्हणा ना. राष्ट्रीय शिबिरात दोघींना घडवत होते बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह. शिस्तीला अतिशय कडक माणूस. भारताच्या लांब पल्ल्याच्या मुलींसाठी त्यांनी बरीच वर्षं खर्च केली आणि २०२१ साली पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतच त्यांचं निधन झालं.

त्या शर्यतीचा निकाल ऐका. प्रीजा पहिली, ३१ मिनिटं ५०.४७ सेकंदं. कविता दुसरी, ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदं. वजाबाकी केली तर फरक निघतो ०.९७ सेकंदाचा. एक सेकंदसुद्धा नाही. तुम्ही 'कविता' हा शब्द उच्चारता, तेवढ्यात संपणारा वेळ. दहा किलोमीटर पळून झाल्यावर एवढाच फरक उरला. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही भारताला, आणि बहरीनची मुलगी मागोमाग तिसरी. प्रीजाची ती वेळ राष्ट्रीय विक्रम ठरली आणि तो विक्रम पुढं कित्येक वर्षं टिकला.

आता कविताची वेळ दिल्लीच्या वेळेशी ताडून बघा. दिल्लीत ३३ मिनिटं ५ सेकंदं. ग्वांगझूत ३१ मिनिटं ५१ सेकंदं. ४४ दिवसांत जवळपास सव्वा मिनिट कमी! हवा वेगळी होती, शर्यतीची चाल वेगळी होती, हे मान्य. पण खेळाच्या बाईचा अनुभव सांगते. इतकी गती एकटीनं येत नाही. शिबिरात रोज शेजारी आपल्याच तोडीची मुलगी पळत असली, की आपण आपली हद्द ओलांडतो. आज ती पुढं, मी मागं. उद्या मी पुढं. समोर कुणी पळत असलं की वाऱ्याचा मार थोडा कमी बसतो, आणि मन तर त्या पाठीला धरूनच चालतं. म्हणून मला वाटतं, प्रीजाच्या सोन्यात कविताच्या पायांचा वाटा आहे आणि कविताच्या चांदीत प्रीजाच्या पायांचा.

पाच दिवसांनी पाच हजार मीटरची शर्यत झाली. बहरीनची मुलगी पहिली, प्रीजा दुसरी, कविता तिसरी. आणि तिघी एका सेकंदाच्या आत. एका स्पर्धेतून सावरपाड्यात एक रौप्य आणि एक कांस्य आलं.

जोडीचा विषय निघालाच आहे, तर थोडा वेळ तुम्हाला फार लांब, बर्फावर घेऊन जाते. टीव्हीवर कधी पाहिलं असेल, एक मुलगा आणि एक मुलगी बर्फावर घसरत, गिरक्या घेत नाचतात. तो तिला डोक्यावर उचलतो, दूर फेकतो, आणि ती एका पायावर उतरते. त्या बुटांना खाली पातळ पातं असतं, आणि तेवढ्यावर सारं अंग तोलायचं. गंमत अशी, की यात गुण दोघांना मिळून एकच. एक पडली, तर दोघं पडले.

जर्मनीकडून खेळलेली अल्योना सावचेन्को ही या खेळातली फार मोठी खेळाडू. मुळची युक्रेनची. पहिलं ऑलिंपिक ती २००२ साली युक्रेनकडून खेळली, पंधरावी आली. मग जोडीदार सुटला. एकोणीस वर्षांची पोर २००३ मध्ये जर्मनीतल्या केमनिट्स शहरात गेली. नवा देश, नवी भाषा, रॉबिन झोल्कोवी हा नवा जोडीदार. दोघांनी पाच वेळा जगज्जेतेपद मिळवलं. पण ऑलिंपिकमध्ये २००६ साली सहावे, २०१० साली तिसरे, २०१४ साली पुन्हा तिसरे. झोल्कोवी निवृत्त झाला. ती तेव्हा तीस वर्षांची होती. लोक म्हणाले असतील, झालं आता, घर बघ. तिनं फ्रान्सच्या ब्रुनो मास्सो नावाच्या मुलाबरोबर पहिल्यापासून सुरुवात केली. त्याला जर्मन नागरिकत्व मिळायला २०१७ साल संपत आलं, कारण त्यासाठी जर्मन भाषेची परीक्षा पास व्हायची होती आणि ती काही लवकर जमेना.

फेब्रुवारी २०१८, दक्षिण कोरियात प्याँगचांग. तिचं पाचवं ऑलिंपिक, वय ३४. पहिल्या दिवशी मास्सोची एक उडी चुकली आणि जोडी चौथ्या क्रमांकावर गेली. दुसऱ्या दिवशी दोघं असे खेळले, की त्या भागातला तेव्हाचा जागतिक विक्रम झाला. एकूण गुण २३५.९०. दुसऱ्या आलेल्या चिनी जोडीचे २३५.४७. फरक ०.४३ गुणांचा. सोळा वर्षांची वाट, तीन जोडीदार, दोन देश, आणि शेवटी अर्ध्या गुणाहून कमी फरकानं सोनं.

मी ही गोष्ट का सांगितली? तिथं जोडी डोळ्यांना दिसते, म्हणून. पहिल्या दिवशी मास्सो चुकला, तरी ती त्याला सोडून एकटी पुढं जाऊ शकत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच्यासकट उभं राहायचं होतं. आपल्या मुली एकट्या धावताना दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं तिचं नशीब तिचं. पण तिच्याही शेजारी कुणीतरी असतंच, नाहीतर असायला हवं. कविताला विजेंदर सिंग मिळाले, स्नेसारेव्ह मिळाले, प्रीजा मिळाली.

आता कविताची पुढची वाट. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ओएनजीसीत नोकरी मिळाली. वन्संना हे मुद्दाम सांगायला हवं, पळून पोट भरतं. मग तिनं दहा किलोमीटरवरून मॅरेथॉनकडे मोर्चा वळवला. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. सीबीएस ते नाशिकरोड दोनदा जाऊन दोनदा परत या, तरी थोडं उरतंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं, २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत. त्या वेळेनं तिला रिओ ऑलिंपिकचं दार उघडून दिलं.

त्या वर्षी रिओला आपल्या नाशिक जिल्ह्यातले दोघं होते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ नौकानयनात तेरावा आला. आणि १४ ऑगस्टला महिलांची मॅरेथॉन झाली. कविताला २ तास ५९ मिनिटं २९ सेकंदं लागली. क्रमांक १२०.

हा आकडा ऐकून आपल्याकडे काय बोललं गेलं असेल, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी आधीच म्हटलं, आपण सगळ्याच बोलतो. पण थोडं थांबून विचार करा. गुवाहाटीपेक्षा तिला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागला, म्हणजे दिवस तिचा नव्हता. आपला दिवस नाही हे धावणारीला फार लवकर कळतं, दहाव्या-पंधराव्या किलोमीटरलाच. पुढचे पंचवीस-तीस किलोमीटर तिला माहीत असतं, की आता पदक नाही, विक्रम नाही, टाळ्याही नाहीत. तरी ती थांबली नाही. शेवटच्या रेघेपर्यंत पळाली आणि निकालाच्या कागदावर वेळ नोंदवून आली. ग्वांगझूच्या चांदीएवढाच मला तो १२० वा क्रमांक मोलाचा वाटतो. शर्यत हातातून गेल्यावर पळणं जास्त अवघड असतं.

आणि तिच्या मागून काय झालं बघा. नाशिकची संजीवनी जाधव २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. तिचेही प्रशिक्षक विजेंदर सिंगच. त्याच वर्षी नाशिकचीच मोनिका आथरे लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एका पाड्यातून एक मुलगी निघाली, आणि वाटेवर पावलं उमटली. मागच्यांना ती पावलं दिसली.

मैत्रिणींनो, आता माझी गोष्ट. मी नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली होती. माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. पाड्यावरून रोज चालत यायची. आठवीत असताना मोठ्या मुलींना मागं टाकायची. तिला पळताना पाहिलं की माझ्या अंगावर काटा यायचा. दहावीच्या सुट्टीत कळलं, तिचं लग्न ठरलंय. मला तिच्या घरी जावंसं वाटलं. सकाळी साडी नेसून तयारही झाले. मग मनात आलं, खेळाच्या बाईनं कुणाच्या घरच्या गोष्टीत कशाला पडायचं? तिचे वडील काय म्हणतील? मी गेले नाही. पुढं दिल्लीच्या शर्यतीची बातमी पेपरात वाचली, तेव्हा घरच्यांना वाटलं मी आनंदानं रडतेय. आनंद होताच. पण मला ती दुसरी पोर आठवत होती. तिच्याजवळ पाय होते. तिच्या शेजारी उभं राहणारं माणूस मी होऊ शकले असते, आणि मी घरात बसले.

म्हणून आज आजी म्हणून, खेळाची बाई म्हणून चार साध्या गोष्टी सांगते.

पहिली. तुमची मुलगी पहाटे पळायला जात असेल, तर तिच्यासोबत घरातलं कुणीतरी जा. पळू नका हवं तर. मैदानाच्या कडेला चादर गुंडाळून बसा. आई बसलेली दिसली, की पोरगी दोन फेऱ्या जास्त मारते, आणि वाटेवरच्या टवाळांचीही तोंडं बंद राहतात.

दुसरी. तिच्या ताटाकडे बघा. पळणारी मुलगी भावाच्या बरोबरीनं जेवली पाहिजे, उरलंसुरलं नाही. नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं, आणि जेवणावर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते, ती लोहाचीच असते. ती पोर पर्समध्ये ठेवते की गिळते, हे विचारा. लवकर दम लागत असेल, चेहरा फिका वाटत असेल, तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.

तिसरी. पाळी आली म्हणून मैदान बंद करू नका. त्रास होत नसेल तर पळायला हरकत नसते. फार दुखत असेल, रक्तस्राव जास्त असेल, किंवा पाळी महिनोन्महिने येतच नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. लाजू नका.

चौथी. मुलगी घरी आली की "कितवी आलीस?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "मागच्या वेळेपेक्षा किती सेकंदं कमी झाली?" तिला तिचा आकडा माहीत असतो. तो सांगताना तिचा चेहरा बघा.

मागच्या रविवारी मी वन्संकडे गेले. वहीत त्यांना मांडून दाखवलं, ३१ मिनिटं ५०.४७ आणि ३१ मिनिटं ५१.४४. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हिचं न् पहिलीचं किती होतं गं?" नातीनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "आजी, तीन सेकंद!" वन्सं उठल्या, गादी उचलली, प्रमाणपत्र काढलं आणि पदरानं पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. दहावीचं काय ते अजून बोलणं व्हायचंय. पण उद्या पहाटे मैदानावर तिच्यासोबत मी जाणार आहे. शिट्टी अजून कपाटात आहे.

तुमच्याही घरात, शेजारी, पाड्यावर अशी कुणी पळणारी असेल. तिच्या शेजारी उभ्या राहा. आज इथंच थांबते. नमस्कार.